म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे आणि औषधांची जुळवणी

विदर्भात सगळ्यांत कमी तापमान गोंदियात, ही बातमी डिसेंबर-जानेवारीत वारंवार वाचायला मिळते. तलाव, धानाच्या बांध्या आणि नवेगाव-नागझिऱ्याचं जंगल असलेल्या या जिल्ह्यात पहाटेचा गारवा हाडांत शिरतो. त्या दिवसांत घरातला दहा-बारा वर्षांचा कुत्रा उशिरा उठतो, ओट्याच्या पायरीपाशी थबकतो, उठताना मागचे पाय ओढतो. घरचे म्हणतात, "म्हातारा झाला आता." पण म्हातारपण हा आजार नव्हे. त्या थबकण्यामागे बहुतेक वेळा सांध्यांचं दुखणं असतं आणि ते बरंच कमी करता येतं.

सांध्यातली कूर्चा झिजते, सांध्याभोवतीचं आवरण सुजतं, हाडाच्या कडेला नवी वाढ येते. लॅब्राडोर आणि जर्मन शेफर्डमध्ये खुब्याचा आनुवंशिक दोष हे त्याचं नेहमीचं कारण. गावठी कुत्र्यांत जुना अपघात किंवा गुडघ्याचा तुटलेला अस्थिबंध कित्येक वर्षांनंतर त्रास देतो. असा कुत्रा केकाटत नाही, आणि त्यामुळेच घरच्यांची फसगत होते. तो उड्या मारणं सोडतो, एकच सांधा चाटत बसतो, लघवीला पाय वर करत नाही, मुलांनी कंबरेला हात लावला की गुरगुरतो. रोज थोडं थोडं बदलत गेलेलं हे वागणं नजरेत भरत नाही. म्हणून त्याच्या चालण्याचा, पायरी चढण्याचा व्हिडिओ दर महिन्याला मोबाइलवर काढून ठेवावा. दवाखान्याच्या टेबलावर घाबरून ताठ उभ्या राहिलेल्या कुत्र्यापेक्षा तो व्हिडिओ डॉक्टरांना जास्त सांगतो.

औषधाआधी एक तपासणी मात्र टाळू नये. आपल्याकडे गोचिडांमुळे होणारा एर्लिकियाचा ताप सर्रास आढळतो. त्यातही सांधे दुखतात, कुत्रा लंगडतो, आणि रक्तातल्या प्लेटलेट्स घसरतात. अशा कुत्र्याला संधिवात समजून वेदनाशामक सुरू केलं, तर रक्तस्राव होण्याची भीती असते. रक्ताची तपासणी केली की हा धोका कळतो आणि मूत्रपिंड, यकृत औषध झेपण्याइतके ठीक आहेत का, तेही समजतं.

सांधेदुखीवरचं पहिलं औषध म्हणजे सूज उतरवणारं, स्टेरॉइड नसलेलं वेदनाशामक. या गटातलं मेलॉक्सिकॅम आपल्याकडे सहज मिळतं आणि स्वस्तही आहे. त्याचं नाव गिधाडांच्या कहाणीशी जोडलेलं आहे. डायक्लोफेनॅक दिलेल्या गुरांचे मृतदेह खाऊन गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन मरत होती. म्हणून २००६ साली भारताने जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी घातली, आणि गिधाडांना सुरक्षित ठरलेलं मेलॉक्सिकॅम त्याच्या जागी पुढे आलं. नंतर २०२३ साली किटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅक, तर २०२४ च्या अखेरीस निमेसुलाइडही जनावरांसाठी बंद झालं. माणसांच्या दुकानात ही औषधं अजून मिळतात, कुत्र्याला मात्र त्यातलं एकही देऊ नये.

मेलॉक्सिकॅम, कार्प्रोफेन, फिरोकॉक्सिब ही औषधं शरीरात प्रोस्टाग्लँडिन तयार होणं कमी करतात. त्यामुळे सूज आणि वेदना ओसरतात. पण जठराचं अस्तर जपणं आणि मूत्रपिंडाला रक्त पोचवणं ही कामंही प्रोस्टाग्लँडिनच करतं. म्हणून औषध पोटभर जेवणानंतर द्यायचं, आणि उलटी, डांबरासारखी काळी शी, जेवणाकडे पाठ किंवा पाणी-लघवी अचानक वाढणं यातलं काहीही दिसलं, की त्याच दिवशी औषध थांबवून डॉक्टरांना फोन करायचा.

आजार मुरला की एवढ्याने भागत नाही. महिनोन्‌महिने वेदनेचे संदेश येत राहिले की मज्जारज्जू स्वतःच हळवा होतो आणि लाउडस्पीकरचा आवाज वाढवावा तसा साधा स्पर्शही वेदना म्हणून मेंदूकडे धाडतो. सूज उतरवणारं औषध तिथे एकटं पुरेसं पडत नाही. या टप्प्यावर एकाच औषधाची मात्रा वाढवण्यापेक्षा वेगळ्या ठिकाणी काम करणारं दुसरं औषध सोबत देणं शहाणपणाचं, आणि एकत्रित उपचार म्हणतात तो हाच.

या दुसऱ्या जागेसाठी दोन नावं पुन्हा पुन्हा येतात. गॅबापेंटिन अतिउत्तेजित मज्जातंतूंना शांत करतं. पशुवैद्य ते भरपूर वापरतात, पण कुत्र्यांच्या संधिवातावर त्याच्या उपयोगाचा पुरावा अजून विरळ आहे. सुरुवातीला कुत्रा पेंगतो, झोकांड्या खातो. ते एकदम बंद करू नये, मात्रा हळूहळू उतरवावी. दुसरं अमॅन्टाडीन. माणसांत ते कंपवातासाठी वापरतात. हळव्या झालेल्या मज्जारज्जूतला एनएमडीए हा ग्राही (रिसेप्टर) ते अडवतं. २००८ साली डंकन लॅसेल्स आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नुसत्या मेलॉक्सिकॅमने आराम न पडलेल्या कुत्र्यांना जोडीला अमॅन्टाडीन दिलं, तेव्हा त्यांच्या हालचाली सुधारल्या. ते एकट्याने पुरत नाही आणि गुण यायला दोन-तीन आठवडे लागतात. चार दिवसांत फरक दिसला नाही म्हणून ते सोडून देणं चूक आहे.

ट्रामाडोलबद्दल मात्र मत बदलायला हवं. ते वर्षानुवर्षं लिहून दिलं गेलं, पण माणसाच्या शरीरात त्यापासून बनणारा प्रभावी घटक कुत्र्याच्या शरीरात फारच कमी बनतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका काटेकोर अभ्यासात गुडघ्याच्या आणि कोपराच्या संधिवातावर त्याचा फायदा दिसला नाही.

आता धोक्याच्या जोड्या. एकाच गटातली दोन वेदनाशामकं एकत्र कधीही द्यायची नाहीत. एक बदलून दुसरं सुरू करायचं तरी मध्ये साधारण पाच ते सात दिवसांचं अंतर हवं. प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड आणि मेलॉक्सिकॅम एकत्र आले, तर जठराला व्रण पडून तो फुटूही शकतो. अशी गल्लत घडते ती दोन दवाखान्यांच्या मध्ये. एकीकडे लंगडण्यासाठी गोळ्या चालू असतात आणि दुसरीकडे खाजेसाठी इंजेक्शन मिळतं, ज्यात स्टेरॉइड असतं. आधी काय चाललंय हे कुणी विचारत नाही आणि आपणही सांगत नाही.

घरातल्या औषधाच्या डब्याचा हिशेबही करून पाहावा. मेलॉक्सिकॅमची कुत्र्याची रोजची मात्रा साधारणपणे किलोमागे ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे पंधरा किलोच्या कुत्र्याला दीड मिलिग्रॅम. माणसाची गोळी साडेसात किंवा पंधरा मिलिग्रॅमची, म्हणजे थेट पाच ते दहा पट. आयब्युप्रोफेन तर कुत्र्याला देऊच नये. दहा किलोच्या कुत्र्याला पॅरासिटामॉलची ६५० मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे पशुवैद्य देतात त्या मात्रेच्या चार ते सहा पट, आणि मांजराला तर पॅरासिटामॉल जीवघेणंच. माणसांसाठीच्या बऱ्याच गोळ्यांत दोन-तीन औषधं एकत्र असतात. गॅबापेंटिनसोबत आणखी काही मिसळलेली गोळीही मिळते, म्हणून चिठ्ठीवरचंच नाव दुकानदाराला दाखवावं. काही पातळ औषधांत गोडीसाठी झायलिटॉल असतं आणि ते कुत्र्याला विषासारखं आहे.

गोंदियाच्या उन्हाळ्याचा विचार वेगळा करावा लागतो. मे महिन्यात पारा पंचेचाळीसकडे सरकतो, कुत्रा धापा टाकतो, पाणी घटतं. अंगातलं पाणी कमी असताना मेलॉक्सिकॅम मूत्रपिंडाला इजा करू शकतं. थंडीत बसवलेली मात्रा उन्हाळ्यात तशीच चालू ठेवावी का, हे एप्रिलमध्येच डॉक्टरांना विचारून घ्या. उलट्या-जुलाब झालेल्या दिवशी तर न विचारता गोळी देऊच नका.

कोणत्याही औषधाच्या जोडीला वजन उतरवणं हवंच. अमेरिकेत अठ्ठेचाळीस लॅब्राडोरवर त्यांच्या जन्मभर चाललेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. त्यातल्या ज्या निम्म्या कुत्र्यांना चतुर्थांश अन्न कमी मिळत होतं, ती सरासरी पावणेदोन ते दोन वर्षं जास्त जगली आणि त्यांना संधिवाताच्या उपचारांची गरज जवळजवळ तीन वर्षं उशिरा पडली. धानाच्या जिल्ह्यात कुत्र्याच्या ताटलीतही भाताचा डोंगर असतो. तो निम्मा करावा, त्याऐवजी अंडं किंवा कोंबडीचं मांस वाढवावं. बरगड्या हाताला सहज लागल्या पाहिजेत. गुळगुळीत टाइल्सवर त्याचे पाय घसरतात आणि प्रत्येक घसरणीत दुखरा सांधा पिळवटतो. राइस मिलच्या मुलखात बारदान्याची कमी नाही. त्याच्या येण्या-जाण्याच्या वाटेवर ते सरकणार नाही असं घट्ट अंथरावं. रात्री अंगाखाली तणसाची जाड गादी द्यावी. फिरणं बंद करू नये. एकदाच लांब नेण्याऐवजी दिवसातून तीन-चारदा थोडं थोडं, सपाट जमिनीवर चालवावं.

तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात मुख्यतः गाई-म्हशी-शेळ्या येतात, पण कुत्र्यालाही तिथे दाखवता येतं. १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर पशुवैद्यकीय मदतीची चौकशी करता येते. एक्स-रे आणि सविस्तर रक्ततपासणीसाठी नागपूरच्या सेमिनरी हिल्सवरचं, १९५८ साली सुरू झालेलं पशुवैद्यक महाविद्यालय आहे. गोंदियाहून रेल्वेने ते सुमारे १३० किलोमीटर पडतं. कुठेही गेलात तरी एक छोटी वही सोबत न्या. त्यात कुत्र्याचं ताजं वजन, चालू असलेल्या प्रत्येक औषधाचं नाव आणि मात्रा, शेवटचं इंजेक्शन कोणतं आणि कधी दिलं, हे सगळं लिहिलेलं असू द्या. नवी चिठ्ठी लिहिली जाण्याआधी ती वही डॉक्टरांच्या हातात द्या.