ऑक्टेन आणि ठिणगीची वेळ

कर्जत-खालापूरकडून बोरघाट चढून गेल्यावर लागणाऱ्या अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर भरत आलेल्या ‘द व्हॅली रन’ या ड्रॅग शर्यतीचा (सरळ मार्गावरील अल्प अंतराची वेगस्पर्धा) विषय निघाला की, अधिक ऑक्टेनचे पेट्रोल म्हणजे अधिक शक्ती, हा समज सर्रास आढळतो. वस्तुतः ऑक्टेन हे इंधनातील ऊर्जेचे नव्हे, तर दाब व उष्णता वाढूनही आपोआप पेट न घेण्याच्या गुणाचे माप आहे.

पेट्रोल जळण्यास किंचित अवधी लागत असल्याने, दट्ट्या (पिस्टन) माथ्यावर पोहोचण्यापूर्वीच ठिणगी पाडावी लागते. परंतु मागे येणारा झोका अकाली ढकलल्यास जसा हातालाच हिसका बसतो, तसा ठिणगी फाजील लवकर पडल्यास दाब दट्ट्याच्या विरुद्ध जातो, आणि उरलेले मिश्रण एकाएकी पेटून ‘नॉकिंग’ (आघाती ज्वलन) उद्भवते. इंडियन ऑइलने २०२० मध्ये विक्रीस आणलेल्या ‘एक्सपी १००’सारखे अधिक ऑक्टेनचे इंधन हा धोका लांबवून ठिणगी इष्ट क्षणी पाडण्याची मुभा देते; शक्ती लाभते ती त्या समायोजनातून आणि वाढीव संपीडनातून. म्हणून ९१ ऑक्टेनसाठी जुळवलेल्या सामान्य दुचाकीत महाग पेट्रोल भरणे बहुधा निरर्थक ठरते; शर्यतीच्या इंजिनातही ठिणगी अंशाअंशाने आधी आणत, शक्तीची वाढ खुंटताच थांबणे हेच श्रेयस्कर होय.