जुन्या मुंबईच्या फोटोत आकाश पांढरं का दिसतं? चला, फोटो ‘वाचायला’ शिकूया

मी तुळजापूरचा. परवा आमच्या फॅमिली ग्रुपवर एक फोटो आला. एकोणिसाव्या शतकातली मुंबई, मलबार हिलवरून घेतलेली. वर निळंशार आकाश, खाली काचेसारखा सपाट समुद्र, माणूस एकही नाही. सोबत मेसेज, ‘बघा, तेव्हा मुंबई किती शांत होती!’

मला शंका आली म्हणून गूगल लेन्सवर शोधलं. मूळ फोटो तपकिरी निघाला, आकाश कोरं पांढरं. निळा रंग कुठल्या तरी अ‍ॅपने नंतर भरलेला. मग ती शांतता तरी खरी होती का?

आधी चौकट बघा

फोटोचे तीन थर करा. पुढे झाडांचे गडद शेंडे, मध्ये बॅक बेचा कमानीसारखा किनारा, मागे इमारतींची बारीक रेघ. मरीन ड्राइव्ह तेव्हा नव्हताच, तो विसाव्या शतकातला. किनाऱ्याची वळणदार रेषा आपली नजर आपोआप लांबच्या शहराकडे नेते. फोटोग्राफर उंचावर उभा आहे, त्यामुळे शहर नीटनेटकं, नकाशासारखं दिसतं. बाजारातली गर्दी चौकटीतच आलेली नाही.

आता तंत्र

१८५१ साली ‘वेट कोलोडियन’ पद्धत आली आणि पुढची तीसेक वर्षं तीच चालली. काचेवर रसायन लावायचं आणि ते ओलं असतानाच फोटो काढून धुवायचा. म्हणून डार्करूमचा तंबू सोबतच न्यावा लागे. १८६३ मध्ये भारतात आलेला सॅम्युअल बोर्न असाच काचा घेऊन हिमालयात फिरला.

या काचेला निळा प्रकाश फार लवकर लागायचा, हिरवा आणि लाल जेमतेम. म्हणून झाडं काळपट यायची आणि आकाश जळून पांढरं व्हायचं. शिवाय एक्स्पोजर कित्येक सेकंदांचं. तेवढ्या वेळात लाटा एकमेकींत मिसळून समुद्र गुळगुळीत व्हायचा आणि चालती माणसं पुसली जायची. म्हणजे ती शांतता शहराची कमी, कॅमेऱ्याची जास्त!

फ्रान्सच्या गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५० च्या दशकात यावर युक्ती काढली. समुद्राची एक काच, ढगांची दुसरी, आणि दोन्हींचा मिळून एक फोटो. आपल्या फोनमधलं एचडीआर तरी वेगळं काय करतं? अनेक फ्रेम घेऊन एक जोडतं.

स्वतः करून बघा

पावसाळ्यात नळदुर्ग किल्ल्यात नर-मादी धबधबे सुरू झाले की संध्याकाळी जा. फोन कठड्यापासून लांब, एखाद्या दगडावर घट्ट टेकवा. प्रो मोड, आयएसओ सगळ्यात कमी, शटर अर्धा सेकंद, टायमर २ सेकंद. भर दुपारी हे करू नका, फोटो पांढराफट्ट येईल. पाणी कापसासारखं दिसेल आणि समोरून चालणारी माणसं धूसर होतील. धबधब्याचा आवाज मात्र कानात तेवढाच असेल.

मी ग्रुपवर मूळ फोटो टाकला आणि हे सगळं लिहिलं. काका म्हणाले, ‘मग आता तुझ्या फोनवर पण विश्वास ठेवायचा नाही का?’ मी म्हटलं, ‘ठेवायचा काका, पण आधी त्याने काय केलंय ते बघून.’