नवी पिकअप की जुनी? घराने बसून ठरवायचा सौदा

पैठण तालुक्यात पिकअप ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. मोसंबी पाचोडच्या बाजारात न्यायची असो, नाथसागराची मासळी शहरात पोचवायची असो, आठवडी बाजाराला कपड्यांचे गठ्ठे न्यायचे असोत की एमआयडीसीतला सुटा माल असो, गाडी लागतेच. आपल्या समाजातली कितीतरी मुले दहावी-बारावीनंतर आधी क्लीनर होतात, मग ड्रायव्हर. पाच-सात वर्षे दुसऱ्याची गाडी चालवली की मनात येते, आता आपली स्वतःची असावी. ही इच्छा चांगलीच आहे. हलाल रोजीचे साधन स्वतःच्या हातात असणे ही अल्लाहची मोठी नेमत आहे. पण हाच सौदा घाईत झाला तर घराची बरकत घेऊन जातो.

यंदा आमच्या शाळेतल्या एका मुलीचे वडील फायनान्सचे इंग्रजी कागद घेऊन आले. म्हणाले, "सर, सही करायच्या आधी एकदा वाचून सांगा." शिल्लक साडेतीन लाख. नवी गाडी सगळे धरून दहा लाखांना पडत होती. दोन लाख रोख आणि आठ लाखांचे कर्ज, पाच वर्षांसाठी. एजंटाने सांगितले होते, "व्याज फक्त सात टक्के." कागदात सात टक्क्यांच्या पुढे एक शब्द होता, फ्लॅट.

हा शब्द प्रत्येक घराने समजून घ्यावा. फ्लॅट व्याज म्हणजे पाचही वर्षे मूळ आठ लाखांवरच व्याज. तुम्ही निम्मे फेडले तरी व्याज पूर्ण रकमेवर चालू. हिशेब सोपा आहे. आठ लाखांचे सात टक्के म्हणजे वर्षाला 56,000 आणि पाच वर्षांत 2,80,000. घटत्या शिलकीवर 11 टक्के दर असता तर हप्ता सुमारे 17,400 आणि एकूण व्याज सुमारे 2,44,000 झाले असते. म्हणजे "सात टक्के" हे "अकरा टक्क्यांपेक्षा" महाग निघाले! त्यांचा हप्ता 18,000 येत होता. महिन्यात पंचवीस दिवस गाडी चालली तरी डिझेल टाकण्याआधीच रोजचे 720 रुपये बाजूला काढायचे.

आता प्रश्न असा की पंचवीस दिवस काम मिळते का? आपल्याकडचा माल हंगामी. मोसंबीच्या आंबे बहराची फळे पावसाळ्यानंतर येतात, मृग बहराची उन्हाळ्याच्या तोंडाशी. मधले दिवस मिळेल ते भाडे. आणि पाऊस दगा देतो. 2012-13 च्या दुष्काळात मराठवाड्यात मोसंबीच्या बागाच्या बागा वाळल्या, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. धरण उशाशी असूनही. अशा वर्षी माल थांबतो, हप्ता थांबत नाही.

नव्या गाडीची बाजू

नवी गाडी नकोच, असे मात्र म्हणायचे नाही. कंपनीची वॉरंटी असते, पहिली काही वर्षे मोठे काम निघत नाही, भाडे देणारा व्यापारी नव्या गाडीवर भरवसा ठेवतो. 22 सप्टेंबर 2025 पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुन्या गाडीची किंमत विचारताना आजच्या नव्या किमतीशीच ताडून पाहा, दोन वर्षांपूर्वीच्या नव्हे. ज्याच्याकडे वर्षभराचे बांधलेले काम आहे, म्हणजे कारखान्याचा किंवा दूध संघाचा करार आहे, आणि बरीचशी रक्कम रोख आहे, त्याला नवी गाडी परवडते.

जुन्या गाडीची बाजू

गाडीची किंमत सुरुवातीला झपाट्याने उतरते. विम्याच्या हिशेबात सहा महिन्यांनंतर एक वर्षापर्यंतच्या गाडीला 15 टक्के घट धरतात, आणि चार ते पाच वर्षांच्या गाडीला 50 टक्के. म्हणजे ही पहिली मोठी घट दुसऱ्याने सोसलेली असते. पण जुनी गाडी स्वस्त असते ती तपासून घेतली तरच.

गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहा. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर शंका घ्या. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. गाडीखाली शिरून चॅसिसला वेल्डिंग केले आहे का ते बघा, विशेषतः पाटे जिथे अडकवतात तिथे. कंपनीपेक्षा जास्त पाटे टाकलेले दिसले तर समजा, गाडीने वर्षानुवर्षे जादा वजन ओढले आहे. मासळी आणि बर्फ वाहिलेल्या गाडीचा हौदा वरून रंगवलेला असतो, पण खालून गंजलेला असतो. 1 एप्रिल 2020 पासूनच्या गाड्या बीएस-6 आहेत. त्यांचे सेन्सर आणि धूर स्वच्छ करणारी यंत्रणा बिघडली तर खर्च मोठा येतो, म्हणून डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा पेटलेला नाही ना, हे पाहा. आपला ओळखीचा मेकॅनिक बरोबर न्या. त्याची मजुरी द्या, फुकट नेऊ नका.

कागद गाडीइतकेच महत्त्वाचे

परिवहन विभागाच्या वेबसाइटवर गाडीचा नंबर टाकून पाहा. कर्जाचा बोजा आहे का, ई-चलन थकले आहे का, फिटनेस कधीपर्यंत आहे? आठ वर्षांपर्यंतच्या मालवाहू गाडीचे फिटनेस दोन-दोन वर्षांनी, त्यानंतर दर वर्षी करावे लागते. बोजा असेल तर फायनान्सची एनओसी आणि फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. मालासह एकूण वजन 3,000 किलोच्या आत असेल तर परमिट लागत नाही, वर असेल तर लागते. हे आरसीवर लिहिलेले असते. गोदाकाठच्या तालुक्यात आणखी एक चौकशी करावी. गाडी चोरट्या वाळूच्या वाहतुकीत पकडली गेली होती का? महसूल खाते अशी गाडी जप्त करते, आणि राहिलेला दंड नव्या मालकाच्या डोक्याला ताप होतो.

फॉर्म 29 आणि 30 वर सह्या घेऊन गाडी ताबडतोब नावावर करा. विकणाऱ्यानेही हे पाहिले पाहिजे. 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केले की गाडी विकली तरी आरसीवर ज्याचे नाव आहे, अपघाताच्या भरपाईसाठी तोच मालक धरला जाईल. विमाही 14 दिवसांत नावावर करून घ्या. आणि लग्नाला, उर्साला हौद्यात माणसे बसवू नका. मालाच्या गाडीत बसलेल्या वऱ्हाडासाठी विमा कंपनी सहसा भरपाई देत नाही. मग तो बोजा घरावर येतो.

दीन काय शिकवतो

हुजूर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, आतले धान्य ओले लागले. ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले आणि फसवणुकीबद्दल कडक शब्दांत सुनावले. रंगवलेला गंज आणि मागे फिरवलेला किलोमीटर काटा म्हणजे आजचे ओले धान्यच. जुनी गाडी विकणाऱ्यावर ऐब सांगणे बंधनकारक आहे. लपवलेला ऐब निघाला तर घेणाऱ्याला सौदा मोडण्याचा हक्क शरीअतने दिला आहे. तीन दिवस चालवून पाहण्याची अट आधीच घालता येते. सूरह बकराच्या 282 व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आणि साक्षीदार घेण्याची ताकीद आहे. भावाशी व्यवहार असला तरी लिहा. लिहिणे म्हणजे अविश्वास नव्हे, नाते टिकवण्याची ती तजवीज आहे.

सूदापासून वाचण्याच्या वाटा अरुंद आहेत, पण आहेत. नातेवाइकांकडून कर्ज-ए-हसना घेता येते. भागीदारी करता येते, त्यात नफा ठरल्याप्रमाणे आणि तोटा भांडवलाच्या प्रमाणात वाटला जातो. गाडी स्वतः विकत घेऊन ठरलेल्या किमतीत हप्त्याने देणारा कोणी मिळाला तर तोही मार्ग आहे, अट एवढीच की उशीर झाला म्हणून किंमत वाढता कामा नये. ज्यांची मजबुरी खरी आहे त्यांनी आपल्या आलिमांना सगळी परिस्थिती सांगून विचारावे. चहाच्या टपरीवर फतवा घेऊ नये.

जकातीचेही लक्षात असू द्या. रोजी कमावण्याच्या गाडीवर जकात नाही, तिच्या कमाईतून उरलेल्या शिलकीवर निसाब आणि वर्षाच्या अटीने आहे. जो गाड्या खरेदी करून विकण्याचाच धंदा करतो, त्याच्या गाड्या मात्र तिजारतीचा माल ठरतात.

भाभींचे सोने

वर सांगितलेल्या घरात मोठ्या भावाने सुचवले होते, "भाभींचे सोने गहाण टाकू, कर्ज कमी होईल." त्या घरच्या बाईंनी विचारले, "गाडी कोणाच्या नावावर होणार? सोने कधी सुटणार? ते कोण लिहून देणार?" बैठकीत कोणाकडेच उत्तर नव्हते. मेहरचे आणि माहेरचे सोने ही बायकोची स्वतःची मिल्कियत आहे. तिने खुशीने दिले तर तो तिचा मोठेपणा. पण गप्प राहिली म्हणजे खुशी आहे, असे धरू नये. घ्यायचेच असेल तर तिच्याकडून घेतलेले कर्ज म्हणून वजनासकट लिहून द्यावे.

शेवटी त्यांनी पाच वर्षांची एक गाडी साडेचार लाखांना घेतली. तीन लाख स्वतःचे, दीड लाख मेहुण्यांचे, एक तृतीयांश भागीदारी, स्टॅम्प पेपरवर. पन्नास हजार दुरुस्तीसाठी बाजूला ठेवले. पहिल्याच दोन महिन्यांत क्लच प्लेट आणि दोन टायर यांत बराच पैसा गेला. जुन्या गाडीत हे होणारच, आणि त्यासाठीच ती रक्कम होती. सोने कपाटात आहे.

प्रत्येक घराचे उत्तर हेच असेल असे नाही. आपल्याकडे बांधलेले काम किती, रोख किती, माल थांबला तर किती महिने तग धरू, या तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहा. बायको, आई-वडील, कमावता मुलगा सगळ्यांना बसवून मशवरा करा. मग इस्तिखारा करा आणि अल्लाहवर भरवसा ठेवून पाऊल टाका. अल्लाह तआला आपल्या सर्वांच्या रोजीत बरकत देवो आणि कर्जाच्या ओझ्यापासून आपली हिफाजत करो. आमीन.