जमीन कोणाची? ख्रिस्ती श्रद्धा आणि निसर्ग यांबद्दलचे काही गैरसमज

‘बायबलनेच माणसाला पृथ्वीवर सत्ता गाजवायला सांगितलं, मग निसर्गाची लूट होणारच,’ हा आरोप नेहमी ऐकू येतो. त्याला विद्वत्तेचं वजन आलं ते १९६७ साली. अमेरिकी इतिहासकार लिन व्हाइट यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात लेख लिहून पर्यावरणाच्या संकटाची मुळं पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारात आहेत, असं मांडलं. लेख गाजला, त्याचा शेवट मात्र फारशांच्या लक्षात राहिला नाही. असिसीचे संत फ्रान्सिस यांना पर्यावरणाचे आश्रयदाते मानावं, असं व्हाइट यांनीच तिथे सुचवलं होतं. १९७९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी फ्रान्सिस यांना तो मान दिलाही.

सत्तेचं वचन उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. त्याचा सोयीचा अर्थ लावणारे ख्रिस्तीही कमी नव्हते. पण पान उलटलं की दुसऱ्या अध्यायात माणसाला बागेत ठेवलं जातं ते मशागत आणि राखण करायला. लेवीयचा पंचविसावा अध्याय तर एखाद्या कूळकायद्यासारखा वाचावा. जमीन देवाची, तुम्ही तिच्यावरचे उपरे. दर सातव्या वर्षी ती पडीक ठेवायची. त्या वर्षी आपोआप उगवेल ते गरिबांचं आणि त्यांच्याकडून उरेल ते रानातल्या जनावरांचं, असं निर्गमात म्हटलं आहे. शहराला वेढा घातला तरी फळझाडांवर कुऱ्हाड चालवायची नाही, घरट्यातली पिल्लं घेतली तर पक्षिणीला सोडून द्यायचं, हे नियम अनुवाद या पुस्तकातले. मला सर्वांत बोलका वाटतो तो यहुद्यांच्या बाबेलमधल्या बंदिवासाचा हिशेब. माणसांनी नाकारलेली विश्रांती जमिनीने त्या सत्तर वर्षांत वसूल केली, असं इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात नोंदलं आहे.

‘हे सगळं पोप फ्रान्सिस यांनी काढलेलं नवं खूळ’ असं म्हणणारे बहुतेक चर्चच्या आतलेच असतात. ‘लाउदातो सी’ हे त्यांचं सृष्टीविषयीचं परिपत्रक २०१५ चं, हे खरं. पण १ सप्टेंबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस कॉन्स्टँटिनोपलचे पॅट्रिआर्क दिमित्रिओस यांनी १९८९ मध्येच जाहीर केला होता. त्यांच्यानंतर आलेले बार्थोलोम्यू यांनी १९९७ साली निसर्गाविरुद्धच्या गुन्ह्याला सरळ पाप म्हटलं.

आणि खरी जुनी साक्ष हवी असेल, तर इथिओपियाच्या उत्तरेकडच्या पठारावर जावं. तिथे शेतं आणि उघडी कुरणं दूरवर पसरलेली आहेत, आणि मध्ये मध्ये हिरवे गोल ठिपके दिसतात. प्रत्येक ठिपक्याच्या पोटात एक ऑर्थोडॉक्स चर्च. मंदिराभोवतीची झाडं मंदिराचाच भाग, या श्रद्धेने ती पिढ्यान्‌पिढ्या राखली गेली. आसपासचं बहुतेक जंगल गेलं; देशी वृक्षांचं बियाणं उरलं ते या तुकड्यांत. अलीकडे गुरं आत शिरून रोपं खाऊ लागली, तेव्हा अलेमायेहू वासी या वनशास्त्रज्ञांनी धर्मगुरूंना हाताशी धरलं. गावकऱ्यांनी शेतातले दगड वेचून कित्येक ठिकाणी भोवती गडगे घातले. जंगलाची राखण झाली, शेतंही मोकळी झाली.

‘जगाचा अंत व्हायचाच आहे, मग झाडं कशाला लावायची?’ या प्रश्नावर पुष्कळदा ‘उद्या जग संपणार असलं तरी मी आज सफरचंदाचं रोप लावीन’ हे मार्टिन ल्यूथर यांच्या नावावरचं वाक्य फेकलं जातं. ते त्यांच्या लेखनात सापडत नाही. त्याचा सर्वांत जुना लेखी पुरावा १९४४ चा आहे. त्याची गरजही नाही. बायबलमधल्या ज्या प्रकटीकरण या पुस्तकाचा धाक घातला जातो, त्याच्याच अकराव्या अध्यायात पृथ्वीचा नाश करणाऱ्यांचा नाश होईल, असं बजावलं आहे.

सृष्टीची अशी काळजी घेणं म्हणजे निसर्गपूजाच, ही शंकाही लवकर मिटते. गोव्यात कणसांच्या फेस्ताला भाताची पहिली कणसं चर्चमध्ये आशीर्वादित करतात. तिथे आभार देवाचे मानले जातात, भाताची पूजा कोणी करत नाही.

राहिला शेवटचा आक्षेप: फादरांनी वेदी सोडून रस्त्यावर का उतरावं? वसईत हा प्रश्न फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना पुष्कळदा विचारला गेला. ‘सुबोध बायबल’ लिहिणारा आणि हरित वसईच्या चळवळीत उभा राहणारा माणूस एकच होता, हे अनेकांना पचत नसे. चळवळीचा विषय रोजच्या जगण्याचा होता: बिल्डरांच्या घशात जाणाऱ्या वाड्या आणि टँकरवाले उपसून नेत असलेलं विहिरींचं पाणी. समुद्राकाठी बेसुमार उपसा झाला की खारं पाणी जमिनीखालून आत सरकतं, आणि मग केळी ख्रिस्ती कुपारीची असो की शेजारच्या हिंदू वाडवळाची, पानांच्या कडा करपायला लागतात. चळवळीत दोघेही होते.