विषय एक : सूप! बांबू उद्यानात लेकरांसोबत एक दिवस

शाळेला सुट्ट्या लागल्या, की लेकरांना कुठं न्यावं हा प्रश्न घरोघरी असतो. अमरावतीकरांना वडाळीचं बांबू उद्यान जवळ आहे. तिथं नुसतं फिरून येण्यापेक्षा ‘सूप’ हा एकच विषय धरून सगळ्या घरानं दिवस घालवावा, असं आम्ही गटातल्या बायकांना सुचवतो.

सकाळी उद्यान पाहावं. बांबू हे झाड नाही, गवत आहे. आपल्या ज्वारी-गव्हाच्याच कुळातलं. त्याचा कोंब, म्हणजे वास्ता, पावसाळ्यात जमिनीतून निघतो आणि काही महिन्यांतच पूर्ण उंची गाठतो. पुढं तो उंच होत नाही की जाड होत नाही, फक्त पक्का होत जातो. मेळघाटातला मानवेल बराचसा भरीव, तर कटांग काटेरी. लेकरांना हात लावून पाहू द्यावं, पण उद्यानातलं काही तोडू नये.

दुपारी समाजमंदिरात किंवा कुणाच्या ओसरीवर विणायला बसावं. शिकवायला बुरूडकाम करणाऱ्या ताईंना बोलवावं, कामट्याही त्यांच्याकडूनच घ्याव्यात. कोयता ताईंच्याच हाती राहू द्यावा. कामटीची कड बोट कापते, म्हणून ती आधी घासून घ्यावी. कोरडी कामटी तुटते, भिजवलेली वाकते. एक वर, एक खाली अशी वीण घेत पहिल्या दिवशी छोटी चटई जमते. सूप जमत नाही. सुपाला किती हात लागतो, हे तेव्हाच कळतं.

म्हणून ताईंची मजुरी आधी ठरवा. चहा-पोह्यांवर बोळवण करू नका. दहा घरांनी शंभर-शंभर रुपये काढले तर हजार होतात. प्लास्टिकच्या सुपानं त्यांचं गिऱ्हाईक कमी केलं, आणि उरलेल्यांपैकी आपण दहा रुपयांसाठी घासाघीस करतो. विणून पाहिलेलं लेकरू ती करणार नाही.

शेत असेल तर धुऱ्यावर बांबू लावता येतो. २०१७ च्या दुरुस्तीनं वनाबाहेरचा बांबू कायद्यातल्या ‘झाडा’तून वगळला आहे.

अकोल्याच्या मैत्रिणींनो, तुमच्याकडं कृषी विद्यापीठाचं नागार्जुन वनौषधी उद्यान आहे. परवानगी काढून तिथं ‘घरचा काढा’ हा विषय घेता येईल. होळीआधी पळसाची गळालेली फुलं उकळून रंग करता येतो. पुढच्या बैठकीत तुमच्या गटाचा विषय आणि तारीख ठरवून टाका.