बिबट्या पडलेली विहीर आणि इंग्रजीतली धातुसाधिते

‘हू’, ‘विच’, ‘दॅट’ गाळले आणि क्रियापदाला आयएनजी किंवा ईडी जोडले, की संबंधी उपवाक्याचे धातुसाधित होते, अशी मराठी माध्यमातल्या अनेक विद्यार्थ्यांची समजूत असते. ती अर्धीच खरी आहे, आणि उरलेल्या अर्ध्यातली चूक आळसातून नव्हे, मराठीच्या ऐसपैसपणातून येते. जुन्नर-आंबेगावच्या ऊसपट्ट्यात बिबट्यांचा वावर आहे. विहिरीत पडलेल्या बिबट्याला वनखाते बाहेर काढते आणि माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रात नेते. त्याबद्दल आपण सहज म्हणतो: ‘गावात शिरलेला बिबट्या’, ‘विहिरीतून काढलेला बिबट्या’, ‘बिबट्या पडलेली विहीर’. रूप एकच, पण नाम पहिल्यात कर्ता आहे, दुसऱ्यात कर्म, तिसऱ्यात निव्वळ जागा. इंग्रजी इतकी सूट देत नाही. दुसरे सरळ जमते: ‘द लेपर्ड रेस्क्यूड फ्रॉम द वेल’. पहिल्यासाठी ‘द लेपर्ड एंटर्ड द व्हिलेज’ म्हटले तर ते विशेषण न राहता पुरे वाक्यच होते, आणि ‘एंटरिंग’ म्हटले तर बिबट्या अजून शिरतोच आहे असे वाटते. म्हणून तिथे ‘दॅट एंटर्ड’ हवेच. विहिरीला तर धातुसाधित मुळीच चालत नाही. ‘द वेल इंटू विच द लेपर्ड फेल’ असेच लिहावे लागते. कसोटी सोपी आहे: नाम ती क्रिया करते आहे का, किंवा ती क्रिया त्याच्यावर झाली आहे का? यांपैकी काहीच नसेल तर उपवाक्य मोडू नये. यावर कोणी ‘रिटायर्ड टीचर’, ‘फॉलन ट्री’, ‘एस्केप्ड लेपर्ड’ पुढे करील. ही रूपे शुद्ध आहेत, पण अशी अकर्मक क्रियापदे थोडीच, आणि ती बहुधा नामाच्या आधी बसतात. त्यांच्या बळावर ‘अराइव्हड गेस्ट’ लिहिता येत नाही.

दुसरा गैरसमज काळाचा. आयएनजी म्हणजे चालू काळ, असे मनात बसल्यामुळे विद्यार्थी ‘बिलाँग’, ‘कन्सिस्ट’ यांना हातच लावत नाहीत, कारण ही क्रियापदे चालू काळात वापरत नाहीत असे ते शिकलेले असतात. तो नियम वाक्याच्या मुख्य क्रियापदाचा आहे. खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीत प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना आहेत. तिला ‘अ टेलिस्कोप कन्सिस्टिंग ऑफ थर्टी अँटेनाज’ म्हणणे निर्दोष आहे. इथे ‘विच इज कन्सिस्टिंग’ असे काही गाळलेले नसून ‘विच कन्सिस्ट्स’ची जागा धातुसाधिताने घेतली आहे. ईडीलाही भूतकाळाचे बंधन नाही: ‘एनी वॉटर रिलीज्ड फ्रॉम डिंभे नेक्स्ट समर’ यात डिंभे धरणाचे पाणी अजून सुटायचेच आहे. ‘रिलीज्ड’ सांगते ते एवढेच, की पाणी आपोआप सुटत नाही, कोणीतरी सोडते.

धातुसाधित वापरले की इंग्रजी वरच्या दर्जाची होते, हा आग्रह मला सर्वांत घातक वाटतो, कारण त्यापायी बरोबर वाक्येही मोडली जातात. शिवाजी महाराजांबद्दल ‘बॉर्न ॲट शिवनेरी इन 1630’ लिहिले तर ते नेटके आणि बरोबर, कारण जन्मले ते महाराज. ‘महाराजांचा जन्म झालेला किल्ला’ हे मराठीत तितकेच सहज आहे, पण इंग्रजीत त्या किल्ल्याला ‘द फोर्ट व्हेअर शिवाजी वॉज बॉर्न’ असे पुरे उपवाक्यच लागते.