रेल्वेचा नाद

‘नाद’ या शब्दाला आपल्या भाषेत दोन अर्थ आहेत. कानाला ऐकू येतो तोही नाद आणि माणसाला लागतो तोही नादच. एकाला नाटकांचा नाद असतो, दुसऱ्याला बुद्धिबळाचा, तिसरा कबुतरे पाळतो. ज्याला आगगाडीचा नाद लागला आहे त्याच्या ठिकाणी मात्र हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. आणि असा मनुष्य जर रत्नागिरीसारख्या गावी समुद्राकाठी राहत असेल, तर त्याच्या छंदाचा बराचसा व्यवहार कानांनीच चालतो. प्रस्तुत वक्ता त्याच जातीचा आहे. आमचा दिवस कसा जातो हे सांगण्यापूर्वी थोडा भूगोल सांगणे प्राप्त आहे.

इंदूर, बडोदे, हैदराबाद अशा दूरच्या गावी राहणाऱ्या श्रोत्यांच्या मनात कोकण रेल्वेचे चित्र बहुधा असे असते की, एका अंगाला हिरवे डोंगर, दुसऱ्या अंगाला निळा समुद्र आणि मधून गाडी चालली आहे. चित्र मोठे मनोहर आहे, पण महाराष्ट्रापुरते ते खरे नाही. रोह्यापासून सावंतवाडीपर्यंत गाडीत बसलेल्या माणसाला समुद्र जवळजवळ दिसतच नाही. याचे कारण आमच्या नद्यांत आहे. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी या नद्या सह्याद्रीच्या बाजूने येतात आणि थोड्याच अंतरात समुद्राला मिळतात. मुखाशी येता येता त्यांच्या विस्तीर्ण खाड्या होतात. लोहमार्ग किनाऱ्याकिनाऱ्याने न्यायचा, तर अशी प्रत्येक खाडी तिच्या रुंद जागी ओलांडावी लागली असती. म्हणून मार्ग आत, डोंगरांच्या बाजूला सरकला. हर्णै, जयगड, विजयदुर्ग, मालवण ही जुनी बंदरे सारी पश्चिमेस राहिली. खुद्द रत्नागिरीचे स्टेशनही गावाबाहेर कातळावर आहे. बंदराजवळ राहणाऱ्या माणसाला गाडी दिसत नाही. ऐकू येते, आणि तीही वारा अनुकूल असेल तर.

हा वाऱ्याचा भाग लक्षात घेण्याजोगा आहे. दिवसा जमीन तापते आणि समुद्रावरून खारा वारा आत येतो. त्या वेळी स्टेशनावर दहा शिट्या झाल्या तरी आम्हांस एकही ऐकू येणार नाही. रात्री जमीन पाण्यापेक्षा लवकर निवते आणि वारा उलट फिरून जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो. याला किनाऱ्यावरचे लोक ‘मतलई’ म्हणतात. शिडाच्या होड्यांच्या काळी मतलईवर होडी बाहेर काढावी आणि खाऱ्या वाऱ्यावर परत आणावी, असा कोळ्यांचा क्रम असे. आमचाही दिनक्रम याच वाऱ्यावर अवलंबून आहे. शिवाय हिवाळ्याच्या पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि तिच्यावरची थोडी उबदार असते. अशा वेळी वर जाणारा आवाज पुन्हा खाली वळतो आणि दूरवर पोहोचतो. मुंबईहून रात्री निघालेली कोकणकन्या पहाटेच्या सुमारास रत्नागिरीस येते. डिसेंबर-जानेवारीत अंथरुणात पडल्या पडल्या तिचा माग काढता येतो. याहून स्वस्त करमणूक दुसरी नसेल, असे आमचे मत आहे. घरातील मंडळींचे मत निराळे आहे, पण ते येथे सांगण्याचे कारण नाही.

आता या मार्गाची घडण. मुंबईहून पुण्याकडे जाताना बोरघाटात चढ ३७ मीटरांस एक मीटर इतका तीव्र आहे आणि त्यासाठी गाडीला मागून जादा इंजिने लावावी लागतात. कोकण रेल्वेची आखणी करताना चढ दीडशे मीटरांस एक मीटर यापेक्षा अधिक ठेवायचा नाही, असे ठरले. गाड्या वेगाने धावाव्यात हा हेतू. परंतु कोकणची भूमी म्हणजे एकामागून एक डोंगर आणि दऱ्या. मार्ग सपाट ठेवायचा म्हणजे डोंगर फोडायचे आणि दऱ्या पुलांनी सांधायच्या. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतच्या सुमारे ७४० किलोमीटरांत नव्वदाहून अधिक बोगदे आणि लहानमोठे मिळून सुमारे दोन हजार पूल झाले ते यामुळे. १९९० साली यासाठी स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले आणि ई. श्रीधरन त्याचे प्रमुख झाले. पेडण्याच्या बोगद्यातील भुसभुशीत मातीने अखेरपर्यंत छळले; तो पुरा झाल्यावर १९९८ च्या जानेवारीत मार्ग अखंड झाला.

रत्नागिरीच्या दोन बाजूंस या मार्गाची दोन आश्चर्ये आहेत. उत्तरेस उक्षी आणि भोके या स्टेशनांच्या दरम्यान करबुड्याचा साडेसहा किलोमीटर लांबीचा बोगदा. दक्षिणेस निवसरच्या वाटेवर पानवल नदीवरचा पूल. या पुलाची उंची ६४ मीटर आहे, म्हणजे कुतुबमिनारापेक्षा आठ-नऊ मीटर कमी. नदी मात्र इतकी लहान आहे की, उन्हाळ्यात ती पाहून एवढ्या खटाटोपाचे हसू यावे! पूल नदीसाठी नाहीच, दरीसाठी आहे.

रेल्वेवेड्याचा खरा अभ्यास मात्र पूल-बोगद्यांचा नसून ‘क्रॉसिंग’चा असतो. रोह्यापासून वीरपर्यंतचा भाग २०२१ साली दुहेरी झाला. त्यापुढे मार्ग मुख्यतः एकेरी आहे. समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्यांपैकी एकीला स्टेशनावर बाजूच्या रुळावर थांबावेच लागते. आता कोणती थांबावी? नियमाने पाहता राजधानी, वंदे भारत यांना मान पहिला, पॅसेंजरला शेवटचा. पण मांडवी एक्स्प्रेस अर्धा तास उशिरा असेल, मागून मालगाडी येत असेल आणि पुढचे स्टेशन आधीच भरलेले असेल, तर नियंत्रकाला जे गणित सोडवावे लागते ते बुद्धिबळाच्या डावाहून कमी नाही. हे गणित आपण घरी बसून मांडावे, गाडी कुठे अडकेल याचा अंदाज करावा आणि तो खरा ठरतो का ते पाहावे, हा आमचा आवडता उद्योग. गणपतीच्या दिवसांत जादा गाड्या सुटतात तेव्हा या उद्योगाला प्रतिष्ठा येते. मुंबईहून मुलगा यायचा असतो आणि शेजारच्या वहिनी कुंपणापाशी येऊन विचारतात, “भाऊ, दिव्याची गाडी किती लेट?” गाडी आता कोठे आहे हे अलीकडे हातातल्या फोनवरही कळते. पण ती अजून कोठे कोठे थांबणार, हे फोनला तितकेसे सांगता येत नाही. तेथे आमचे पोथीज्ञान उपयोगी पडते.

आमच्या भिंतीवर दोन वेळापत्रके असतात: एक कोरड्या दिवसांचे आणि एक पावसाळ्याचे. देशात इतरत्र पाऊस आला म्हणून गाडीचे वेळापत्रक बदलले, असे सहसा ऐकावयास मिळत नाही. कोकणात ते दरवर्षी बदलते. पूर्वी ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असे; २०२५ साली ते १५ जून ते २० ऑक्टोबर असे झाले. या काळात वीर ते कणकवली या भागात गाड्यांचा वेग ताशी ७५ किलोमीटरपर्यंत उतरवतात, आणि मुसळधार पावसात समोरचे दिसेनासे झाले तर ४० पर्यंत.

हे शहाणपण फार महाग पडलेले आहे. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ रुळावर दरड आली आणि तिच्यावर गाडी आदळून पन्नासाहून अधिक माणसे मृत्यू पावली. पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ रोजी, करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेस घसरली आणि पुन्हा प्राणहानी झाली. डोंगर कापून केलेल्या खोल खिंडीत वर जांभा, खाली मऊ माती आणि मातीत रुतलेले धोंडे असतात. रत्नागिरीस वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पाणी मातीत मुरले की धोंड्याचा आधार सुटतो. त्यानंतर खिंडींचे उतार कमी करण्यात आले, लोखंडी जाळ्या बसल्या आणि वेगाला लगाम बसला. तरीही निसर्ग अधूनमधून आपले म्हणणे मांडतो. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीच्या पुराने चिपळूणपाशी गाड्या थांबल्या. जुलै २०२४ मध्ये आधी पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरले, आणि काही दिवसांतच दिवाणखवटीजवळ दरड आली. दक्षिणेकडच्या काही गाड्या पुणे, मिरज, लोंढा अशा वळशाने न्याव्या लागल्या.

पावसाळ्यात आम्ही वाऱ्याकडे पाहतो तसे रेल्वेही पाहते. पानवलचा पूल, गोव्यातील मांडवी व जुवारीचे पूल आणि होन्नावरचा दोन किलोमीटरांहून लांब असा शरावतीचा पूल, अशा चार ठिकाणी वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रे बसवलेली आहेत. काळ, सावित्री आणि वाशिष्ठी या नद्यांवर पुराची सूचना देणारी यंत्रणा आहे. परंतु यंत्रापेक्षा आम्हांला माणसाचे कौतुक अधिक वाटते. पावसाच्या रात्री अंगावर रेनकोट, हातात दिवा आणि पिशवीत धोक्याचे फटाके घेऊन गस्तीचा माणूस खिंडीतून चालत असतो. दरड दिसली तर त्याने धावत जाऊन ते फटाके रुळावर लावायचे. चाकाखाली फटाका वाजला की ड्रायव्हरने गाडी थांबवायची. त्याच्या फेरीत बहुतेक रात्री काहीच घडत नाही, आणि म्हणून त्याची बातमीही होत नाही. उलट, छायाचित्रासाठी रुळावर, बोगद्याच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहणाऱ्या तरुणांची हल्ली फार बातमी होते. तो रेल्वेचा नाद नव्हे. विनापरवाना रुळांवर जाणे हा कायद्याने गुन्हा आहेच. शिवाय विजेची गाडी अगदी जवळ येईतो कानाला सुगावा लागू देत नाही.

या विजेने आमच्या छंदाचे स्वरूपच पालटून टाकले आहे. कोकण रेल्वेचे विद्युतीकरण २०२२ साली पूर्ण झाले. त्यापूर्वी गाड्या डिझेलवर चालत आणि इंजिनाची जात आवाजावरून ओळखता येत असे. वाराणसीच्या कारखान्यात १९६४ पासून तयार झालेल्या जुन्या घराण्यातील इंजिनांची उभ्याउभ्याची धडधड थोडी अडखळती असे. गाडी हलताना ती काळ्या धुराचा लोट सोडत आणि मग जड स्वर काढीत. नंतर आलेल्या नव्या घराण्याचा सूर सरळ, त्यात वर एक बारीक शीळ मिसळलेली. जुन्या इंजिनावर ‘डब्ल्यू-डी-एम’ अशी अक्षरे असत: डब्ल्यू म्हणजे रुंद मार्गाचे, डी म्हणजे डिझेलचे, एम म्हणजे प्रवासी व माल दोन्ही ओढणारे. शेजारी इंजिन कोणत्या शेडचे ते लिहिलेले. कोणी कल्याणचे, कोणी एर्नाकुलमचे. आम्ही वहीत तारीख, गाडी, इंजिनाचा क्रमांक, शेड आणि उशीर असे रकाने आखून ते सारे टिपत आलो आहोत. अशा वह्यांना बाजारात किंमत नाही. पण विशिष्ट पावसाळ्यात कोणती गाडी कोणत्या इंजिनाने ओढली आणि ते चढावर कसे वाजत होते, हे पुढे कोणास पाहावयाचे झाले तर त्याला अशाच कोणाची तरी वही शोधावी लागेल.

वीज आली हे वाईट झाले, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. साडेसहा किलोमीटरांच्या बोगद्यातून ताशी ७५ किलोमीटर वेगाने गाडी न्यावयास पाच मिनिटांहून अधिक वेळ लागतो, आणि डिझेलच्या दिवसांत तेवढा वेळ धूर कोंडलेला असे. खिडक्या लावून, नाकाला रुमाल धरून बसलेली माणसे ज्याने पाहिली आहेत, त्याने केवळ आपल्या कानांच्या सुखासाठी डिझेलची तरफदारी करणे बरे नव्हे. विजेलाही समुद्राशी झगडावे लागतेच. खाऱ्या हवेतील मीठ तारेखालच्या चिनी मातीच्या आधारांवर साचते आणि ओल धरते. असे आधार पुसून, धुऊन ठेवावे लागतात. रुळांना पकडून ठेवणाऱ्या चापाही गंजून घट्ट बसतात, म्हणून त्यांना वंगण द्यावे लागते. मीठ लोखंडाला काय करते हे पाहायचे असेल तर रामेश्वरच्या वाटेवरील १९१४ सालचा पांबनचा पूल आठवावा. तो २०२२ साली गाड्यांसाठी बंद करावा लागला आणि २०२५ साली शेजारचा नवा पूल सुरू झाला.

इंजिन मुके झाले, आणि रुळांचे सांधे जोडून सलग केल्यामुळे चाकांचा पूर्वीचा ताल तर त्याआधीच गेला होता. आता उरलेले आवाज म्हणजे स्टेशनाच्या तोंडाशी सांधा बदलतानाची खडखड, भोंगा आणि पूल. हा शेवटचा आवाज आपणांपैकी जे कोणी या मार्गाने गोव्याकडे जातील त्यांनी अवश्य ऐकावा. रत्नागिरी सोडल्यावर थोड्याच वेळात खिंड संपते, खडीवरच्या चाकांचा दाट घोष एकदम पातळ होतो आणि दोन्ही बाजूंची जमीन खाली जाते. दारात उभे न राहता खिडकीशीच बसावे. पानवलचा पूल ४२४ मीटर लांब आहे. पावसाळी वेगाने तो ओलांडावयास गाडीला वीस सेकंद लागतात.